रजईकाकूंची हुडहुडी

डोंगरावरच्या त्या गावात मच्छरदाणी विकत मिळत नसे, कारण ती कुणाला लागतच नसे. उन्हाळ्यात खालच्या सपाटीवरून पाहुणे यायचे. खोली बघताना ते सवयीने विचारायचे, "डास फार आहेत का हो?" आणि गावकरी असे हसायचे की जणू कुणी बंदराची वाट विचारली आहे. गावात खपत त्या रजया. आणि रजई म्हटली की घर एकच, मधल्या गल्लीच्या चढावरचं, रजईकाकूंचं.

काकूंचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा आठवून घ्यावं लागे. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. नवऱ्याने शिकवलं. कापूस कसा मोकळा करायचा, छडीने झोडून सारखा कसा पसरायचा, खोळीत घालून कोपरे कसे भरायचे, आणि मग मोठ्या सुईने मधून कडेकडे टाके कसे घालत जायचे, म्हणजे कापूस एका जागी गोळा होत नाही. नवरा गेला, पण हातातली कला राहिली, आणि राहिली नणंद. या नणंदबाई कधीकाळी चार दिवस माहेरी म्हणून आल्या होत्या, त्या भाऊ गेल्यावरही इथेच राहिल्या. काकू त्यांना वन्सं म्हणत. वन्संचे गुडघे दुखायचे, जीभ मात्र ठणठणीत होती. वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत काकू खाली चटईवर बसून शिवायच्या आणि वन्सं खिडकीपाशी खुर्ची टाकून दोरे ओवून द्यायच्या. रस्त्यावर काय चाललंय ते सांगायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं. दोघींच्या केसांत कायम कापसाचे तंतू. "आम्ही म्हाताऱ्या नाही झालो," वन्सं म्हणायच्या, "आमच्यावर धंदा चिकटलाय."

धंदा मात्र उतरणीला लागला होता. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. घराच्या मागे दगडी हौद होता, खोळी भिजवायला आणि धुवायला. पूर्वी थंडीत सकाळी त्याच्यावर बर्फाचा पापुद्रा असायचा, तो मुठीने फोडून पाणी घ्यावं लागायचं. मग एका वर्षी तो पापुद्रा आलाच नाही. पुढच्या वर्षीही नाही. गिऱ्हाईकं म्हणू लागली, "काकू, कापूस जरा कमी भरा, रात्री उकडतं." पाऊस येई तो भलत्या वेळी, एकदम ओतून जाई आणि मग कितीतरी दिवस तोंड दाखवत नसे. गल्लीच्या वरचा झरा आटत चालला, तसे लोक पाणी साठवू लागले. गच्चीवर पिंपं आली, अंगणात टाक्या आल्या. काकूंनी हौद कायम भरून ठेवायला सुरुवात केली.

खाली सपाटीवर उन्हाने जीव नकोसा होत होता म्हणून की काय, वर येणारे पाहुणे मात्र वाढले. गल्लीच्या डोक्यावर टेकाड कापून एक मोठं विश्रामगृह बांधायला घेतलं. खांबांसाठी खोल खड्डे खणले आणि मालकाचं कुणाशी तरी बिनसलं, काम रखडत रखडत चालू लागलं. खड्डे तसेच उघडे राहिले. त्यांच्या कडेला पत्र्याची एक लांब शेड होती, तिच्यात सपाटीवरून आलेली कामगार कुटुंबं राहत. गल्लीची आणि त्यांची हसण्यापुरतीही ओळख नव्हती. एकदा तर वाळू चाळताना धुळीचा लोट काकूंच्या उघड्या कापसावर आला, तेव्हा काकूंनी खिडकीतून एका बाईला चांगलीच झापली होती. ती बाई गवंड्याची बायको. उंच, हाडापेराने मजबूत. तिने चाळण उचलली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

उन्हाळा सरत आला होता, तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. काकू एका दुहेरी रजईच्या मधल्या टाक्यांवर होत्या आणि त्यांची बोटं थरथरू लागली. आधी वाटलं, फार वेळ बसलो म्हणून. मग दात वाजायला लागले. असे, की वन्संना खिडकीतून ऐकू गेले.

"वहिनी, काय चावताय?"

"काही नाही वन्सं. थंडी वाजतेय."

"या उकाड्यात?"

वन्सं उठल्या, गुडघ्यांना शिव्या देत आल्या आणि काकूंच्या अंगावर एक रजई टाकली. मग दुसरी. मग गिऱ्हाईकासाठी घडी करून ठेवलेली तिसरी. त्या ढिगाखाली काकू पानासारख्या थरथरत होत्या. वन्सं म्हणाल्या, "रजईवालीलाच हुडहुडी! हे बाहेर कळलं तर उरलेली गिऱ्हाईकंही पळतील हो." काकूंना हसायचं होतं, पण जबडा ऐकेना.

थंडी गेली आणि ताप चढला. अंग तव्यासारखं. मग एकाएकी घाम फुटला, इतका की चटई ओली झाली. आणि नंतर काकू अशा झोपल्या की वन्सं दोनदा नाकाशी हात धरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू उठल्या त्या ठणठणीत. भूक लागली, पोटभर जेवल्या, अर्धवट राहिलेली रजई पुरी केली. "हवा बदलली, दुसरं काय," त्या म्हणाल्या. वन्संनीही मान डोलावली. पण तिसऱ्या दिवशी, त्याच सुमाराला, पुन्हा तेच. थंडी, ताप, घाम. पुन्हा मधला दिवस बरा, आणि पुन्हा तेच.

"हा ताप आहे की दूधवाला?" वन्सं म्हणाल्या. "एक दिवस सोडून येतो, तोही वेळेवर." पण या वेळी त्यांच्या आवाजातली थट्टा पातळ झाली होती.

"दवाखान्यात जाऊ," त्या म्हणाल्या.

"उद्या बरंच वाटणार आहे, कशाला?" काकू म्हणाल्या. बरं वाटत होतं तेव्हा दवाखान्याची गरज वाटत नव्हती आणि ताप होता तेव्हा जायची ताकद नव्हती. असं करत दिवस गेले. काकूंचा चेहरा पांढरा पडत चालला. जिना चढताना त्या मध्येच टेकू लागल्या.

मग एका दुपारी थंडी यायच्या आधीच त्यांना उलटी झाली. तोंड धुवायला म्हणून त्या उठल्या आणि जिन्याच्या तोंडाशी कोसळल्या. वन्संनी हाका मारल्या, गालावर पाणी मारलं. काकूंचे डोळे उघडत होते, पण त्यांत ओळख नव्हती. वन्संना त्यांना उचलणं शक्य नव्हतं. गल्लीत त्या वेळी सामसूम, माणसं कामावर गेलेली, कोपऱ्यावरच्या दुकानाचं दार दुपारपुरतं बंद. वन्संनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जन्मभर कमावलेला सगळा आवाज पणाला लावला.

ऐकलं ते वर, खड्ड्यांपाशी. गवंड्याची बायको सिमेंटची पाटी टाकून धावत आली. जिन्यात तिने काकूंच्या कपाळाला हात लावला आणि लगेच बाहेर जाऊन हाका मारल्या. गवंडी आला, आणखी दोघे-तिघे आले. गल्लीत गाडी येत नव्हती, रस्ता म्हणजे पायऱ्याच. गवंड्याने परांचीचे दोन लांब बांबू आणले.

"आत्या, एखादी जाड रजई द्या," त्याची बायको म्हणाली. "फाटणार नाही अशी."

"आमची एकही फाटत नाही," वन्सं रडत रडत म्हणाल्या.

बांबूंना रजई बांधून त्यांनी झोळी केली, काकूंना तिच्यात घातलं आणि पायऱ्या उतरू लागले. पुढचे दोघे बांबू खांद्यावर उंच धरून चालत होते आणि मागचे दोघे वाकून, हात खाली ठेवून, म्हणजे झोळी सपाट राहावी. गवंड्याची बायको शेजारून चालत होती. तिने डोक्याचा पंचा सोडून काकूंच्या तोंडावर उन्हाला आडवा धरला होता. काकूंना नंतर त्या उतरणीतलं फारसं काही आठवलं नाही. आठवायचं ते एवढंच, की कुणीतरी सारखं म्हणत होतं, "आलंच मावशी, आलंच." आणि जिचा तो आवाज होता तिच्या हाताला सिमेंटचा वास येत होता.

आरोग्यकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. तिथल्या डॉक्टरीणबाई त्याच वर्षी बदलून आल्या होत्या, वयाने वन्संच्या निम्म्या. त्यांनी काकूंना तपासलं, सलाईन लावलं आणि वन्संना विचारलं, "ताप कसा येतो? रोज?"

"एक दिवसाआड. आधी थंडी, मग ताप, मग घाम. अगदी शिस्तीत."

डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडे खाली कुठे गेल्या होत्या का? प्रवास?"

"ही? ही जिना उतरायची झाली तरी दहा वेळा विचार करते. किती वर्षांत खाली गेली नाही."

डॉक्टरांनी काकूंच्या बोटाला सुई टोचली. एक थेंब छोट्या पट्टीवर घेतला, एक काचेवर. नर्स हळूच म्हणाली, "मॅडम, इथे मलेरिया नसतो. थंड हवा आहे ना."

"नसायचा," डॉक्टर म्हणाल्या. "बघायला काय जातंय?"

पट्टीवर मलेरियाची रेघ उमटली. काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा डॉक्टर बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग त्यांनी नर्सला बोलावलं, "ये, तूही बघून घे. इथे पुन्हा लागेल."

काकूंना गोळ्या सुरू झाल्या. त्या संध्याकाळी ताप उतरेपर्यंत गवंड्याची बायको व्हरांड्यात बसून होती. खोक्याचा पुठ्ठा घेऊन मधून मधून आत यायची आणि वारा घालायची. तिचा कामाचा खाडा झाला होता, ते तिने सांगितलं नाही आणि वन्संना सुचलं नाही. काकूंनी डोळे उघडले तेव्हा समोर ती होती.

"तू धुळीवाली ना?" काकू पुटपुटल्या.

"हो मावशी," ती म्हणाली. "आता बरं वाटतंय का?"

काकूंनी तिचा हात धरला आणि सोडला नाही. वन्संनीच मग त्यांच्या वतीने नाक पुसलं.

काकू घरी आल्या त्या अशक्त होऊन, पण जिवंत. पहिल्या गोळ्या तीनच दिवसांच्या होत्या. मग आणखी एक रक्ततपासणी करून डॉक्टरांनी दोन आठवड्यांची दुसरी गोळी दिली आणि बजावलं, "ही मध्ये सोडली तर रोग यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी परत येतो. बरं वाटलं तरी घ्यायची." वन्संनी ते असं मनावर घेतलं की गोळी गिळल्यावर काकूंना जीभ बाहेर काढून दाखवावी लागे.

गोळ्यांचे दिवस चालू असतानाच डॉक्टर एका सकाळी गल्लीत आल्या. बरोबर आरोग्य खात्याचा एक माणूस. त्याच्या हातात लांब दांड्याचा डाव आणि पांढरं ताट. टेकडीवरच्या खड्ड्यांतलं पाणी त्याने डावाने काढून ताटात ओतलं. साचलेल्या पावसाचं स्वच्छ, नितळ पाणी, आणि त्यात बारीक काड्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या. गच्चीवरच्या दोन उघड्या पिंपांतही तेच. मग ते काकूंच्या मागच्या अंगणात आले. हौदात डाव बुडवला, ताटात ओतला. काकू आणि वन्सं दोघी वाकून बघू लागल्या.

"अगंबाई!" वन्सं म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपणच पाळलेत की!"

काकूंचा चेहरा पडला. "डॉक्टर, हा हौद माझ्या लग्नाआधीपासून आहे हो. कधी काही झालं नाही."

डॉक्टर हौदाच्या कठड्यावर बसल्या. "तेव्हा होत नव्हतं, काकू. हा डास घाण पाण्यात नाही, असल्या छान पाण्यातच अंडी घालतो. पूर्वी इथली थंडी त्याला टिकू देत नसे. एखादा टिकलाच, तरी त्याच्या पोटात रोगाचा जंतू वाढायला ऊब लागते. हवा गार असली की जंतू तयार व्हायच्या आत डासच मरून जातो. आता तेवढी ऊब इथे मिळायला लागली आहे. झरा आटला म्हणून तुम्ही सगळ्यांनी पाणी साठवलं, त्यात तुमचं काय चुकलं? खड्डे उघडे राहिले, पाऊस अवेळी पडून साचला. एवढं जमलं, मग फक्त एक आजारी माणूस वर यायचा राहिला होता."

"तो आला?" वन्संनी विचारलं.

"शेडमधल्या सगळ्यांचं रक्त तपासतोय. कळेल."

कळलं. गवंड्याच्याच रक्तात जंतू सापडले. वर यायच्या आधी त्याला खाली ताप येऊन गेला होता, अर्ध्या गोळ्यांवर बरं वाटलं म्हणून त्याने बाकीच्या घेतल्या नव्हत्या. मधून मधून अंग मोडून यायचं, त्याला तो उन्हातल्या कामाचा शीण समजत होता.

असली बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची छोटी नात त्याच आठवड्यात तापली. तिचा ताप साधा निघाला, पण आजोबाचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. दुकानासमोर माणसं जमली. ठेकेदाराला सांगायचं, ही माणसं काढून टाका, शेड पाडा, असं ठरत आलं.

वन्संनी ते खिडकीतून ऐकलं आणि आत सांगितलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या.

"कुठे निघालात? पायात त्राण नाही तुमच्या."

"तुमच्या गुडघ्यांत तरी कुठे आहे? चला, दोघी मिळून एक धड बाई होईल."

एकमेकींना धरून त्या दुकानापाशी पोचल्या तेव्हा दुकानदार बोलत होता. काकूंना बघताच त्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं. माणूस वाईट नव्हता. वर्षानुवर्षांची ओळख होती. काकूंच्या नवऱ्याच्या आजारपणात त्याने घरी सामान पोचवलं होतं.

"वहिनी, बरं झालं आलात," तो म्हणाला. "तुमच्यावरच ओढवलं ना हे सगळं. तुम्हीच सांगा यांना."

काकू स्टुलावर बसल्या. थोडा वेळ धाप निवेना. मग म्हणाल्या, "मी पडले त्या दुपारी गल्लीत कुणी नव्हतं. त्यात कुणाचा दोष नाही, ज्याचं त्याला काम आहे. पण मला उचलून नेलं ते याच माणसांनी. त्यात तो गवंडीही होता. अंगात तोच रोग घेऊन त्याने माझा बांबू खांद्यावर धरला. एवढ्या पायऱ्या."

"उपकार कबूल आहेत," दुकानदार म्हणाला. "पण रोग आणला तोही त्यानेच ना?"

"त्याच्या रक्तातून आला असेल. त्याला माहीत तरी होतं का? आणि डास कुणाच्या घरी वाढले? माझ्या हौदात. डॉक्टरांनी ताटात काढून दाखवले. त्यांना घालवायचं तर मग मलाही घालवा. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

कुणीतरी म्हणालं, "तुम्ही गावच्या आहात काकू. तुमची गोष्ट वेगळी."

"डासाला ते कळतं का?" वन्संनी विचारलं, आणि मागे दोघंतिघं हसली.

काकू दुकानदाराकडे वळल्या. आवाज खाली आला. "भाऊ, तुमची भीती मला कळते. ताप कसा असतो ते आता मला ठाऊक आहे, तो त्या लेकरावर येऊ नये असं मलाही वाटतं. पण उद्या ही माणसं घाबरून ताप लपवायला लागली तर? आज तो गोळ्या घेतोय, डॉक्टरांच्या नजरेसमोर. आणि दुसरं म्हणजे, गरज सरो वैद्य मरो असं माझ्याच्याने होणार नाही. मी आज इथे बसून बोलतेय ती त्यांच्यामुळे."

दुकानदाराने काउंटरवरचा कागद सरळ केला. मग विचारलं, "डॉक्टर म्हणाल्या काय, खड्डे बुजवले तर जातील?"

"कमी होतील म्हणाल्या. पाणी झाकायचं, साचलेलं मोकळं करायचं, रात्री जाळीत झोपायचं. आणि ताप आला की लगेच रक्त तपासायचं."

"मग तेच करू," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. काही लोक कुरकुरत घरी गेले, एकाने तर नंतर कितीतरी दिवस काकूंशी बोलणं टाकलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार स्वतः घमेलं घेऊन टेकडीवर हजर होता. पोट सुटलेला माणूस, दोन घमेल्यांत दमला, पण दुपारपर्यंत हलला नाही. कामगारांनी चर खणून खड्ड्यांचं पाणी उतारावर सोडून दिलं, नको असलेले खड्डे मातीने भरले. गल्लीतल्या पिंपांना कापड आणि दोऱ्या बांधल्या गेल्या.

हौद मात्र भरलेला ठेवणं भाग होतं. आरोग्य खात्याच्या माणसाने त्यात गप्पी मासे आणून सोडले. "हे अळ्या खातात," तो म्हणाला. वन्संनी आधी नाक मुरडलं. आठवडाभरात त्या सकाळी खिडकी सोडून हौदाकाठी खुर्ची टाकून बसू लागल्या. माशांशी त्यांचं काय बोलणं चाले कोण जाणे, पण काकूंना घरात पहिल्यांदाच थोडी शांतता मिळाली.

त्या शांततेत काकूंनी जाळीचं कापड मागवलं. केंद्रातून औषध लावलेल्या मच्छरदाण्या आल्या होत्या, पण त्या एकेका खाटेपुरत्या. शेडमध्ये माणसं फळ्यांवर ओळीने झोपत, तिथे त्या पुरेनात. काकूंनी शेडमध्ये जाऊन हातांनी मापं घेतली. कापसात आयुष्य गेलेल्या बाईला जाळी म्हणजे वाऱ्यावर शिवण घालण्यासारखं. पहिल्यांदा कड वाकडी गेली, दुसऱ्यांदा चुणी पडली. आलेल्या मच्छरदाण्या उसवून, जोडून, त्यांना नव्या जाळीचे पट्टे लावून त्यांनी शेडच्या लांबीची एक मोठी मच्छरदाणी केली. पहिल्या रात्री गवंड्याची बायको तिच्यात आडवी झाली, आणि सकाळी येऊन म्हणाली, "मावशी, लग्नाच्या मांडवात झोपल्यासारखं वाटलं."

"मग वाढायला कोण होतं?" वन्सं म्हणाल्या.

गवंड्याच्या गोळ्या पुऱ्या झाल्या. त्याचं रक्त पुन्हा तपासलं, स्वच्छ निघालं. त्या आठवड्यात तो न सांगता काकूंच्या घरी आला, भिंतीतल्या भेगा लिंपल्या आणि प्रत्येक खिडकीला बारीक जाळी बसवली. काकू मजुरीचं विचारू लागल्या तेव्हा तो म्हणाला, "मावशी, माझ्या अंगातला ताप ज्या घरात गेला, तिथे थोडा हात लावायला मिळालं, बास." काकूंनी त्याला बळेच जेवायला बसवलं. जाळीमुळे रस्त्यावरचे चेहरे नीट दिसत नाहीत, अशी तक्रार वन्संनी त्याच्या पहिल्या घासालाच केली.

पुढच्या वर्षी मलेरिया पुन्हा आला, नाही असं नाही. खालच्या गल्लीतला एक म्हातारा आणि शाळेतल्या एक बाई. पण दोघांचंही पहिल्याच तापाला रक्त तपासलं गेलं आणि दोघंही आठवड्याभरात हिंडू-फिरू लागले. दुकानदाराला एकदा थोडी थंडी वाजली तर तो दुकान उघडं टाकून केंद्राकडे पळाला. साधी सर्दी निघाली. गल्ली हसली, पण त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट गिऱ्हाईकांना सामान देताना तो सांगू लागला, "ताप आला तर घरात बसू नका. आमच्या वहिनी बसल्या होत्या."

डॉक्टरांकडे काकू महिन्यातून एकदा जात, काही होत नसलं तरी. कधी उशी घेऊन, कधी व्हरांड्यातल्या बाकासाठी गादी. डॉक्टर म्हणायच्या, "काकू, मी फक्त एक थेंब रक्त घेतलं हो." काकू म्हणायच्या, "तोच कुणी घेतला नसता."

हौदातल्या माशांबद्दल डॉक्टरांना शंका होती, इथल्या थंडीत हे तग धरणार नाहीत. थंडी आली आणि गेली. मासे जगले, त्यांना पिल्लंही झाली. वन्सं आनंदाने डॉक्टरांना सांगायला गेल्या, आणि बोलता बोलता मध्येच थबकल्या.

"म्हणजे हे चांगलं की वाईट हो?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," डॉक्टर म्हणाल्या.

विश्रामगृहाचं काम संपलं तेव्हा शेड मोडली. बाकीची कुटुंबं पुढच्या कामावर गेली. गवंड्याला गावातच हौद-टाक्यांना झाकणं बसवायचं आणि भिंती लिंपायचं काम मिळू लागलं होतं, तो राहिला. काकूंच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत वर्षानुवर्षं जुनी खोकी पडून होती, ती रिकामी करून दोघांनी बिऱ्हाड थाटलं. मोठी रजई एकटीने शिवणं काकूंना आता झेपत नव्हतं. दुसऱ्या टोकाला बसायला कुणीतरी लागे. गवंड्याची बायको सिमेंटने खरखरीत झालेली बोटं घेऊन बसली. पहिल्या दिवशी तिने सुई तीनदा बोटात खुपसून घेतली.

"मलाही असंच व्हायचं," काकू म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने बघ कसं धरायला शिकवलं," आणि तिचा हात हातात घेऊन त्यांनी टाका घालून दाखवला.

"बोलताना हात थांबवायचा नाही," खुर्चीतून वन्सं म्हणाल्या. "या घरात तेवढी एकच अट आहे."